खराब म्हणून लिहिलेली किल्ली

ता. ४ मार्च

वहिनी,

नमस्कार. पोचले. बहिणीने मागची खोली दिली आहे. खिडकी आहे, पंखा आहे, पलंग मात्र कूस बदलली की कुरकुरतो. बत्तीस वर्षं नर्स म्हणून काढली, शंभर माणसं डोळ्यांदेखत गेली, कधी घाबरले नाही. आता स्वतःच्या घरात डोळा लागत नाही म्हणून दुसऱ्याच्या घरी येऊन झोपते आहे. हसायचं असेल तर हसा.

त्या गडबडीत तुमच्याशी धड बोलणं झालं नाही, म्हणून पहिल्यापासून लिहिते. फेब्रुवारीत मी तीन दिवस इथे बहिणीकडे आले होते. परत गेले तेव्हा दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत जाऊन बघते तर कपाट उघडं. आईची साखळी गेली, दोन बांगड्या गेल्या, पेन्शनच्या कागदांखाली ठेवलेलं पैशांचं पाकीट गेलं. कडी तुटलेली नाही, काच फुटलेली नाही. पोलीस म्हणाला, "बाई, हा पाहुणा किल्लीने आला आणि जाताना कुलूप लावून गेला. शिस्तीचा आहे."

माझ्या दाराच्या किल्ल्या तीन. एक माझी जुनी आणि दोन नोव्हेंबरमध्ये तुमच्या दुकानात करून घेतलेल्या. जुनी त्या तीन दिवसांत माझ्या पर्समध्ये होती. दुसरी स्वयंपाकघराच्या खणात होती, तिथेच सापडली. तिसरी माझ्या भाचीकडे.

भाची म्हणजे माझ्या वारलेल्या धाकट्या बहिणीची मुलगी. सहा वर्षांची होती तेव्हापासून मी वाढवली. तिच्याबद्दल मनात काही आणायचं नाही असं रोज ठरवते आणि रोज आणते. म्हणून तुम्हाला विचारते. नोव्हेंबरात दोनच किल्ल्या झाल्या होत्या ना? कोणी माझं नाव सांगून आणखी एखादी करून नेली नाही ना? तुमची वही काय म्हणते ते कळवा. त्यावर मी विश्वास ठेवीन.

तुमची सिस्टरबाई

•

ता. ११ मार्च

सिस्टरबाई,

नमस्कार. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागची बाजू कोरी होती म्हणून वापरला, राग मानू नका. प्रार्थनेला तुमच्या जागेवर मी कोणाला बसू देत नाही. पिशवी ठेवते.

पत्र आल्यावर लगेच वही काढली. १४ नोव्हेंबर. तुमचं नाव, पत्ता, "किल्ल्या दोन", पैसे रोख. त्यानंतर आजपर्यंत तुमच्या नावावर काही नाही. कोणी येऊन आणखी किल्ली मागितलेली नाही.

आमच्या दुकानात वहीत लिहिल्याशिवाय किल्ली बाहेर जात नाही. तुम्ही किती वेळा समोर बसून बघितलं आहे. कोऱ्या किल्ल्यांची पेटी माझ्याकडे असते. मी मोजून काढून देते, झालेल्या मोजून घेते, बिघडलेल्या वेगळ्या लिहिते, संध्याकाळी ताळा जमवते. माझं शिक्षण मॅट्रिकपर्यंतचं, पण ताळा कधी चुकलेला नाही. आमचे हे तर गिऱ्हाइकांना सांगतात, "कुलूप एक वेळ फसेल, हिची वही फसणार नाही."

आमच्याकडच्या कारागिरालाही तुम्ही ओळखता. सासऱ्यांनी त्याचं नाव "गुणी" पाडलं होतं ते उगाच नाही. अकरा वर्षं झाली, ह्यांचा उजवा हात आहे. सध्या पाठ धरली म्हणून रजेवर आहे.

तेव्हा आमच्याकडून काही झालं असेल ही शंका काढून टाका. बाकीचं देवावर सोपवा. तो सगळं बघतो.

तुमची,
कुलूपवाली वहिनी

•

ता. १९ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचायला चष्मा बदलावा लागला. कागद वाचवायला मुंग्यांएवढं अक्षर काढता, समासातसुद्धा दोन ओळी कोंबल्या आहेत. असो.

मला जे नको होतं तेच कळलं. तुमच्याकडून दोनच, म्हणजे किल्ल्या तीनच. मग राहिलं कोण?

रविवारी भाची मला भेटायला इथे आली. येताना माझ्या गोळ्या घेऊन आली. जेवणं झाल्यावर मी तुमचं पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाचलं. सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, म्हणजे मी घेतलं असं म्हणायचंय तुला?" मी म्हटलं, "मी काही म्हणत नाही, वही म्हणते." तिने पिशवी उचलली आणि गेली. बस दोन तासांनी होती, तरी गेली.

आणखी एक झालं. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते हे तुम्हाला माहीत आहे. जी संस्था तिला पाठवते त्यांच्याकडे पोलीस चौकशीला गेले होते. तिथल्या बाईंनी मला फोन केला, "तुम्ही तिच्या मावशी, तुम्हीच सांगा." मी काय सांगणार? म्हटलं, किल्ली तिच्याकडे होती एवढं खरं आहे. त्यांनी तिला कामावरून थांबवलं. लोकांच्या घरात जाण्याचं काम, त्यांचीही चूक नाही.

त्या दोन बांगड्या मी तिच्यासाठीच ठेवल्या होत्या. मागितल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी दिल्या असत्या. हेच मला पचत नाही.

सिस्टरबाई

•

ता. ५ एप्रिल

सिस्टरबाई,

उत्तराला उशीर झाला. घरात पाहुणे होते. नाही, पाहुणे नव्हते. लिहायला बसत होते आणि उठत होते.

माझं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवायला नको होतं. ते तुम्हाला लिहिलं होतं.

परवा ती दुकानासमोरून गेली. हातात इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत लागली आहे असं ऐकलं. एरवी ती मला दुरूनच हात करायची. परवा मान वर केली नाही. मी पायरीवर उभी होते. माझ्याच पायांना आत जावंसं वाटलं.

तुम्ही तिच्या मावशी आहात, तुम्हाला मी काय सांगावं. पण चोर सोडून संन्याशाला फाशी असं नको व्हायला. किल्ल्या तीन होत्या एवढ्यावरून माणूस ठरवू नये. माणसाच्या हातून होतं ते सगळं वहीत येतंच असं नाही. मोजणाराही माणूसच असतो. संस्थेतल्या बाईंना तुम्ही पुन्हा एकदा फोन करून सांगाल का, की खात्री नाही म्हणून?

गुणी रजेवरून आलाच नाही. काम सोडून गेला. हे एकटेच यंत्रावर बसतात. बाकी दुकानाचं ठीक चाललं आहे. हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या सगळ्या कुलपांचं काम ह्यांना मिळण्यासारखं आहे. एकशे चाळीस दारं. देवाची कृपा म्हणायची.

प्रार्थनेला गेले नाही दोन आठवडे. गुडघा दुखतो.

तुमची,
वहिनी

•

ता. १२ एप्रिल

वहिनी,

गुडघ्याला गरम पाण्याचा शेक घ्या आणि जिना टाळा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाची तुमच्याकडे येऊन रडली असावी. तुम्ही मऊ काळजाच्या, लगेच तिची वकिली करायला लागलात. पण तुम्हीच लिहिलंत की ताळा कधी चुकला नाही, आणि आता तुम्हीच लिहिता की वहीत सगळं येत नाही. या दोन्हींतलं खरं कोणतं? मी नर्स आहे. तक्त्यावर ताप शंभर लिहिला असेल तर शंभरच धरायचा. लिहिणाऱ्याने नंतर "तसं काही नाही हो" म्हणायचं नसतं, रोग्याच्या जिवावर बेतू शकतं.

तुम्हाला काही माहीत असेल तर सरळ लिहा. तिने तुमच्यापाशी काही कबूल केलं असेल तर तेही लिहा. मी पोलिसांत जाणार नाही. ती माझी आहे. फक्त मला एकदा कळू दे.

सिस्टरबाई

•

ता. २० एप्रिल

सिस्टरबाई,

आज नवा कागद घेतला आहे. खाडाखोड करणार नाही.

तिने माझ्यापाशी काही कबूल केलं नाही. कबूल करायचं आहे ते मला.

१४ नोव्हेंबरच्या पानावर तुमच्या नावापुढे "किल्ल्या दोन" आहे, हे मी लिहिलं ते खरं. त्याखाली आणखी एक ओळ आहे, ती मी तुम्हाला लिहिली नाही. "खराब एक."

म्हणजे काय ते सांगते. किल्ली कापताना कधी दाता जास्त खोल जातो, ती फुकट जाते. सासऱ्यांच्या वेळी नियम असा होता की बिघडलेली किल्ली कारागिराने मालकाच्या हातात द्यायची, मालकाने ती पक्कडीने मोडायची, आणि मगच वहीत "खराब" लिहायचं. ते म्हणायचे, मोडलेली बघितल्याशिवाय लिहू नका. मला तो म्हाताऱ्याचा खुळचट हट्ट वाटायचा. रोज एक-दोन बिघडायच्या, कोऱ्या किल्लीला पैसे पडतात. मग मी हिशेब हातात घेतल्यावर नवा नियम केला. बिघडलेली दाखवू नका, तिची किंमत पगारातून कापून घेईन. काय सांगू, महिन्याभरात बिघडणं निम्म्यावर आलं. ह्यांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी देवाचेही आभार मानले, बुद्धी दिलीस म्हणून.

त्या दिवशी गुणी मला म्हणाला, "वहिनी, सिस्टरबाईंची एक बिघडली, लिहून घ्या." मी लिहून घेतली. पगारातून कापली. किल्ली मागितली नाही. ती बिघडलेली नव्हती, सिस्टरबाई. ती तुमच्या दाराची होती. आम्ही त्याला ती विकत दिली असंच म्हणायचं. पैसे घेतले आणि किल्ली दिली, विकणं याहून वेगळं काय असतं.

तुम्ही फेब्रुवारीत बॅगेचं कुलूप दुरुस्त करायला आलात तेव्हा "तीन दिवस बहिणीकडे चालले" असं मला सांगितलंत. तो मागे कानस घासत बसला होता. पत्ता वहीत होताच.

तुम्ही म्हणाल, हे तुला कधी कळलं? तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी ती ओळ मी बघितली. पण मनाला म्हटलं, खरंच बिघडली असेल. रोज बिघडतातच. देवापुढे बसले आणि "माझ्या मनात वाईट येऊ देऊ नकोस" असं मागितलं. मागायचं काय होतं आणि मागितलं काय. मग उठून तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. म्हणूनच ते जास्त वाईट आहे.

२८ मार्चला मागच्या गल्लीतला शिंपी दुपारी अवेळी घरी आला. त्याच्या दारात गुणी उभा, कुलपात किल्ली घातलेली. शिंप्याला बघून पळाला, किल्ली तशीच राहिली. तिच्यावर आमच्या दुकानाचा शिक्का. माझ्या वहीत शिंप्याच्या नावाखालीही "खराब एक" आहे. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही. आणि तरी ५ एप्रिलला मी तुम्हाला लिहिलं की गुणी काम सोडून गेला. एकशे चाळीस दारांचंही लिहिलं. लिहिताना माझा हात कसा चालला ते मला माहीत नाही.

पोलीस दुकानात आले होते. ह्यांना विचारलं, आणखी कोणाच्या किल्ल्या? ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "आमच्याकडे वही असते, एवढी एकच गडबड झाली." मी आत चहा गाळत होते. बाहेर आले नाही.

मग हे वकिलाकडे गेले. मलाही नेलं, वही माझी म्हणून. वकील म्हणाला, नोकराने घरी बसून, स्वतःचं सामान आणून काही केलं तर ते त्याचं. पण दुकानात बसून, दुकानाच्या यंत्रावर, मालकाने नेमून दिलेलं काम करता करता केलं, तर भरपाई मालकाच्या दारात येते. मालकाला माहीत नव्हतं हे चालत नाही. हे म्हणाले, "मी त्याला किल्ल्या करायला ठेवला होता, चोऱ्या करायला नाही." वकील हसला. म्हणाला, "सगळे मालक हेच म्हणतात. शिंप्याचं काही गेलं नाही, तुमचं नशीब. त्या एका किल्लीपुरतं बोला. वही कोणी मागितली नाही तर दाखवायला जाऊ नका." ह्यांनी सहज मान हलवली, कारण वहीत लपवण्यासारखं काही आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मला होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते चोरालाच असतं असं नाही.

तुमचं १२ तारखेचं पत्र आलं. "ती माझी आहे" असं लिहिलंत. ते वाचून मी वही उघडली आणि ह्यांच्यासमोर ठेवली. जेवायला बसले होते. दोन्ही ओळींवर बोट ठेवलं. त्यांनी विचारलं, "मोडलेली बघितली होतीस?" मी नाही म्हटलं. त्यांनी ताट सरकवलं आणि दुकानात जाऊन बसले, दुपारचं दुकान बंद असताना.

संध्याकाळी मी म्हटलं, "चूक माझी आहे, दुकानावर कशाला? मी काही नोकर नाही, मला पगार नाही." तर म्हणाले, "तेच तर. फुकटची नोकर सगळ्यात महाग पडली." हसले नाहीत. पुढे म्हणाले, "तो हात माझ्या दुकानात चालत होता आणि तुझाही. दोन्ही माझ्याच खाती. सिस्टरबाईंना लिही. मग मी लिहितो."

गुणी असा का वागला ते मी सांगू शकत नाही. मी त्याच्या पगारातून किती किल्ल्या कापल्या ते बेरीज करून बघितलं. पण त्यामुळे चोरी केली असं म्हणणार नाही, चोर तो चोर. मी फक्त त्याला दार दाखवलं.

भाचीसमोर उभी राहण्याची हिंमत झाली नाही. आधी तुम्हाला लिहिलं. तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

वहिनी

•

ता. ३ मे

वहिनी,

पत्र मिळालं. दहा दिवस उत्तर दिलं नाही, कारण शब्द वाईट येत होते.

तुमच्यावर रागवायला बसले की मला तो रविवार दिसतो. जेवणाचं टेबल, तिने आणलेल्या गोळ्या, आणि मी चष्मा लावून तुमचं पत्र वाचते आहे. आवाज माझा होता. तुम्ही "दोन" लिहिलंत. "तिने घेतलं" असं तुम्ही कुठे लिहिलं होतं? संस्थेतल्या बाईंना उत्तर देणारीही मीच. मला कोणी नोकरीला ठेवलेलं नाही. मी जे बोलले त्याची भरपाई करायला माझ्यावर मालक कोणी नाही.

ज्या बांगड्या तिच्याच होत्या त्या ती कशाला चोरील, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी उलट त्यावरच रडले.

तिला फोन केला. उचलत नाही. पत्र पाठवलं, बहुतेक उघडलं नसावं. तुमचं पत्र तिला पाठवावंसं वाटलं, पण एकदा तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं आहे, पुन्हा तेच करायला हात धजत नाही. आणि संस्थेतल्या बाई म्हणतात, खासगी पत्र चालणार नाही, दुकानाकडून लेखी हवं.

ते दिलंत तर तुमच्यावर काय येईल ते मला समजतं. मागते तरीही.

•

ता. ११ मे

सिस्टरबाई,

सोबत कागद आहे. तीन प्रती केल्या. एक संस्थेला, एक पोलिसांत ह्यांनी स्वतः नेऊन दिली, एक तुम्हाला. मजकूर इथेही उतरवते, म्हणजे आतलं बंद पाकीट उघडण्याआधी तुम्हाला कळेल.

"आमच्या दुकानात अकरा वर्षं कामाला असलेल्या कारागिराने, १४ नोव्हेंबर रोजी, आमच्या यंत्रावर, आमच्या कोऱ्या किल्लीतून, सिस्टरबाईंच्या दाराची एक जादा किल्ली केली. ती आमच्या वहीत 'खराब' म्हणून लिहिली गेली. किल्ली न बघता लिहिणं ही आमची चूक. त्या किल्लीने झालेल्या चोरीशी सिस्टरबाईंच्या भाचीचा संबंध नाही. नुकसानीची जबाबदारी दुकानाची आहे."

खाली दुकानाचा शिक्का आणि ह्यांची सही. मी पहिला मसुदा वहीच्या पानावर केला होता आणि "माझी चूक" लिहिलं होतं. ह्यांनी तो बाजूला ठेवला, दुकानाचा छापील कागद पुढे केला आणि "आमची" लिहायला सांगितलं. अक्षर माझं आहे. "भाचीचा संबंध नाही" ही ओळ मी आधी "संबंध नसावा" अशी लिहिली होती. ती खोडून नवा कागद घेतला.

एकशे चाळीस दारांचं काम गेलं. हॉस्पिटलवाल्यांना पोलिसांकडून कळलं. त्यांचं बरोबर आहे, मीही दिलं नसतं. तुमच्या साखळीचे, बांगड्यांचे आणि पाकिटातले पैसे दर महिन्याला ठरवून देत जाऊ. एकदम जमणार नाही. नको म्हणू नका, वकिलापेक्षा तुमच्या "राहू द्या हो"ची मला जास्त भीती वाटते.

मी लाँड्रीत गेले होते. ती इस्त्री करत होती. मी सांगायला लागले तर म्हणाली, "वहिनी, हा शर्ट होऊ दे." शर्टाची बाही होती. बाही झाली, कॉलर झाली, घडी घातली. मग म्हणाली, "आता बोला." मी बोलले. तिने विचारलं, "मावशीला कधी सांगितलंत?" मी म्हटलं, वीस एप्रिलला. ती म्हणाली, "आणि तुम्हाला कधी कळलं होतं?" मी खरं सांगितलं. तिने पुढचा शर्ट घेतला.

मी खूप वेळ उभी होते. गिऱ्हाईक आलं तेव्हा बाजूला झाले.

प्रार्थनेला जाते आहे. गुडघा दुखत नव्हता, तेव्हाही नव्हता. मागच्या रांगेत बसते. क्षमा मागायला तोंड उघडलं की तुमचा चेहरा येतो, तिचा येतो, देवाचा नंबर लागतच नाही. तुम्हाला काय वाटतं ते कधी लिहावंसं वाटलं तर लिहा.

वहिनी

•

ता. २ जून

वहिनी,

कागद मिळाला. पैसे घेणार आहे, नको म्हणणार नाही. त्याबद्दल निश्चिंत राहा.

मी कागद पोस्टाने पाठवला नाही. बस पकडून स्वतः तिच्या खोलीवर गेले. ती कामावरून यायची होती, जिन्यात बसून राहिले. तिने मला बघितलं आणि पहिलं काय म्हणाली असेल? "अगं, जिना चढलीस कशाला, पाय सुजतील." आत नेलं. कागद दोनदा वाचला. म्हणाली, "वहिनींनी या वेळी अक्षर मोठं काढलंय." संस्थेकडे त्यांची प्रत पोचलीच होती. एक तारखेपासून तिला पुन्हा घेतलं आहे. काल कामाचं पहिलं घर झालं, एका लुळ्या पडलेल्या मास्तरांचं. त्यांच्या मुलाने दाराची किल्ली तिच्या हातात दिली म्हणे, काही न विचारता.

मी तिची माफी मागितली. शब्द फार नव्हते. तिने चहा केला, माझ्यासाठी अर्धा चमचाच साखर घातली. मला वाटलं, मिटलं. म्हणून म्हटलं, "आता मी घरी परत येते आहे. कुलूप बदलून घेते. नव्याची एक किल्ली पहिल्यासारखी तुझ्याकडे."

ती म्हणाली, "मावशी, दर रविवारी येईन. तू आजारी पडलीस तर सुट्टी काढून बसेन. पण किल्ली नको. तू दार उघड, मी आत येईन."

मी विचारलं, "अजून राग आहे?"

"राग नाही. पुढे कधी काही हरवलं, तर माझ्याकडे किल्ली नव्हती हे आपल्या दोघींना माहीत असू दे."

मी चौसष्ट वर्षांची, एकटी राहणार. न्हाणीघरात पाय घसरला तर बाहेरून दार उघडणारं कोणी नाही, याचा अर्थ काय होतो तो मी नोकरीत बघितला आहे. तरी तिला आग्रह करायला माझ्याकडे तोंड नाही. घेतलीच असती तर मला बरं वाटावं म्हणून घेतली असती, आणि प्रत्येक वेळी कुलपात घालताना तिचा हात थांबला असता.

तुमच्याबद्दल मला काय वाटतं ते मला अजून नक्की माहीत नाही. प्रार्थनेला तुम्ही मागच्या रांगेत बसता, मीही तिथेच बसेन बहुतेक. बोलू की नाही ते तेव्हा बघू.

शुक्रवारी येते आहे. भाऊंना सांगा, दुपारी घरी येऊन नवं कुलूप बसवून द्या. दुसऱ्या दुकानात जायचा विचार केला होता, पण त्यांनी स्वतःच्या सहीने जे लिहिलं ते लिहिणारा दुसरा कुलूपवाला मला कुठे मिळणार?

कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. दोन्ही मलाच द्या.

सिस्टरबाई